धुराडी पेटली, आता रात्रीचा रस्ता: ट्रॉली, टायरगाडी आणि मागून येणारे आपण

तेरणाकाठ (धागाकर्ता)

साखर कारखान्यांची धुराडी पेटली. आता मार्च-एप्रिलपर्यंत धाराशिव, लातूर, बीड, परभणी, नांदेड, कुठल्याही रस्त्याला रात्री लागा, पुढं ऊस असणारच. दरवर्षी या दिवसांत ट्रॉलीत मागून घुसलेल्या मोटारसायकलींच्या बातम्या येतात आणि खाली सगळ्यांचं एकच, "पोरगं भरधाव होतं." असेलही. पण आधी हिशोब मांडू.

६० च्या वेगात गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते. पुढं काहीतरी आहे हे दिसून हात-पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर तसेच गेले. मग कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर आणखी २०. झाले ४५. रस्ता ओला असेल तर ब्रेकचेच ३५, म्हणजे एकूण ६०. आता दुसरी बाजू बघा: शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचा डिपर (खाली पडणारा उजेड), काच धुळीनं पिवळी पडलेली, आणि समोर मातीनं माखलेला, दिवा नसलेला ट्रॉलीचा फाळका (मागची फळी). तो ३०-४० मीटरच्या आत आल्याशिवाय अंधारातून वेगळा निघत नाही. म्हणजे दिवसा साधा वाटणारा ६० चा वेग रात्री त्याच रस्त्यावर न थांबणारा वेग होतो. समोरून कुणी अप्पर मारत आला तर ते ३० मीटरही गेले.

ट्रॉलीवाल्यानं काय करावं, मागच्यानं काय करावं, दोन्ही लिहा. उपदेश नको, नट-बोल्टाच्या पातळीवर लिहा.

स्पॅनर

ट्रॉलीपासून सुरू करतो. नव्या ट्रॉलीला मागं लाल दिवे, इंडिकेटर सगळं असतं. पहिल्या हंगामातच जातं. कारणं ठरलेली आहेत.

वायर चॅसीखाली लोंबकळत सोडलेली असते, फडात उसाचे बुडखे तिला ओढून तोडतात. ती चॅनेलच्या आतून प्लॅस्टिक पाइपात घालून फूट-फूट अंतरावर क्लिप मारली तर टिकते. दुसरं, अर्थिंग हिच पिनमधून (ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारी खीळ) गेलं असं समजून वेगळी वायर देत नाहीत. पिनेला ग्रीस, गंज, माती. दिवा मिणमिणतो नाहीतर लागतच नाही. ट्रॅक्टरपासून ट्रॉलीपर्यंत अर्थची काळी वायर वेगळी ओढा. तिसरं, सात पिनांचा सॉकेट. उघडा राहिला की चिखल भरतो. झाकण गेलं असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधा, आत थोडी पेट्रोलियम जेली लावा. बल्बऐवजी सीलबंद एलईडी दिवा घेतला तर हादऱ्यानं फिलामेंट तुटण्याचा प्रश्नच मिटतो.

आता खरी गोम. एवढं सगळं केलं तरी ऊस भरल्यावर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) फाळक्याच्या बाहेर दोन-तीन फूट लोंबतं आणि दिवा, रेडियम, नंबर प्लेट सगळं झाकून टाकतं. म्हणून दिवा फाळक्यावर नकोच. फूटभर बाय फूटभर पत्र्याच्या दोन पाट्या करा, त्यावर लाल रेडियम आणि दिवा लावा, वायरला लांब पिळाची केबल द्या. ऊस भरून दोर आवळला की शेवटचं काम म्हणजे त्या पाट्या उसाच्या बाहेर दोन्ही टोकांना बांधणं. एकच पाटी मध्यभागी बांधली तर मागच्याला ती मोटारसायकल वाटते आणि तो बाजूनं काढायला जातो. दोन टोकांना दोन, म्हणजे रुंदी कळते.

आणि एक, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मागं तोंड करून पांढरा दिवा असतो, रात्री नांगरायला. तो रस्त्यावर चालू ठेवून बरेच जण समजतात की मागच्याला आपण दिसतो. उलट होतं. मागच्याच्या डोळ्यात उजेड जातो आणि त्या उजेडाच्या अलीकडं असलेली ट्रॉली अंधारात बुडते. रस्त्याला लागताना तो बंद.

बालाघाट

सगळं बरोबर आहे, पण कोण करणार? ड्रायव्हर खेपेवर, ट्रॅक्टर मालकाचा, ट्रॉली भाड्याची, टोळी मुकादमाची. दिवा कुणाचा?

तेरणाकाठ

बालाघाट भौ, प्रश्न रास्त आहे. उत्तरही तिथंच आहे: काट्यावर. प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावरून जाते, तिथं तिला थांबावंच लागतं. रिकामी होऊन परत निघताना मागचा दिवा आणि दोन पाट्या बघितल्याशिवाय पुढच्या खेपेची स्लिप द्यायची नाही, एवढं कारखान्यानं ठरवलं तर खर्च कुणाचा हा वाद आठ दिवसांत मिटतो. काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला रेडियम लावून देतातच. फोटो निघतो, पेपरात येतो. जानेवारीत ते रेडियम मातीखाली असतं, तेव्हा कुणी बघत नाही.

स्पॅनर

ब्रेकचं राहिलं. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे ब्रेक वेगवेगळे, दोन पेडल. शेतात तासाच्या टोकाला वळायला ते लागतं. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल जोडणारी कडी पाडायची असते. ती न पाडता रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि पाय एकाच पेडलवर पडला की ट्रॅक्टर जागेवर गरकन फिरतो, मागची भरलेली ट्रॉली ढकलते आणि पलटी. कित्येक जुन्या ट्रॅक्टरांची ती कडी तुटून पडलेली असते. पन्नास-शंभराचं काम आहे.

ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक बहुतेक नसतोच, सगळं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी धरायचं. म्हणून मांजरसुंब्यासारख्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणं म्हणजे ब्रेक तापवून घालवणं. चढाला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतार सुरू होण्याच्या आधी घ्या. उतारावर वेग आल्यावर खालचा गिअर पडत नाही. हिचवर भार जास्त आला तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही, मग हेडपुढं (ट्रॅक्टरच्या तोंडाला) वजनं लावावी लागतात, आणि मुळात ट्रॉलीत ऊस पुढं-मागं सारखा भरावा लागतो. हिच पिनेला लॉकची क्लिप आणि सोबत साखळी. पिनेच्या जागी सळईचा तुकडा घालणाऱ्यांना काही सांगून उपयोग नाही.

अवांतर: ट्रॅक्टरवर डेक आणि चार स्पीकर लावल्यावर मागचा हॉर्न कानापर्यंत पोहोचणार कसा? साइड देत नाही म्हणून शिव्या खातोय बिचारा, त्याला पत्ताच नसतो.

काळी_जमीन

सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारू नका राव. डबल ट्रॉली (एका ट्रॅक्टरमागं दोन), रस्त्यावरचं सोयाबीनचं खळं, चिखल, सगळ्याला जबाबदार आम्हीच. सोयाबीन रस्त्यावर का वाळवतात विचारा ना. ओलावा १२ टक्क्यांवर आल्याशिवाय हमीभाव केंद्रावर माल घेत नाहीत. ऑक्टोबरात परतीचा पाऊस, शेतात चिखल, गावात मोकळी जागा नाही. डांबर तापतं, एका उन्हात माल वाळतो. म्हणून लोक तिथं पसरायलेत.

साइडपट्टी

मान्य आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करू. माल वाळवणं समजू शकतो. त्याभोवती रचलेले दगड रात्री तिथंच सोडून जाणं समजू शकत नाही. माल उचलला, दगड राहिले. बंद पडलेल्या गाडीभोवती लावलेल्या धोंड्यांचंही तेच: गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, धोंडे महिनाभर लेनमध्ये. दगडाऐवजी गोणीत वाळू नाहीतर भुसा भरून त्यावर पांढरा कपडा बांधा. धडक बसली तरी माणूस उडत नाही. गाडी बंद पडली तर दगड नाही, रिफ्लेक्टरचा त्रिकोण, किमान ५० मीटर मागं, वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. पाच-दहा मीटरवर ठेवलेला त्रिकोण धडकेनंतर पुरावा म्हणून कामाला येतो, एवढंच.

दाणा रस्त्यावर असेल तर दुचाकीवाल्यानं तिथं ब्रेक मारूच नये. सोयाबीन गोल, कडक. टायरखाली छर्र्यांसारखं फिरतं. आधीच वेग कमी करा, हँडल सरळ, क्लच न दाबता निघून जा. चारचाकीनं भुसकट, काड तुडवलं तर ते खाली सायलेन्सरला आणि शाफ्टला गुंडाळतं, तापलेल्या सायलेन्सरवर पेटतंसुद्धा. पुढं शे-दोनशे मीटरवर थांबून वाकून बघावं.

काळी_जमीन

दगडांचं पटलं. चिखलाचं मीच सांगतो मग. पावसाळ्यात आणि रब्बीच्या पेरणीला ट्रॅक्टर वावरातून डांबरावर आला की टायरच्या नक्षीतली काळी माती शे-दीडशे मीटर रस्त्यावर पडत जाते. वरून भुरभुर पाऊस आला की ती साबणासारखी. कडक ऊन असेपर्यंत काही नाही, ओल आली की मोटारसायकलचं पुढचं चाक निघून जातं. उपाय स्वस्त आहे: वावराच्या तोंडाला १५-२० फूट मुरूम नाहीतर खडी टाकून ठेवा, टायर तिथंच झटकले जातात. आणि दहा मिनिटं खोऱ्यानं खरवडा. केजव्हील (चिखलणीची लोखंडी जाळीची चाकं) लावून डांबरावर येणाऱ्यांना मात्र दंडच करा, रस्ताही जातो आणि मागच्याचा जीवही.

साइडपट्टी

काळ्या मातीचा दुसरा प्रताप रस्त्याखाली आहे. पाऊस पडला की ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. वर्षानुवर्षं असं वर-खाली झालं की रस्त्याच्या कडेला लांबच लांब भेग पडते, बाजूची मुरमाची पट्टी खचते. सिमेंटचा रस्ता असेल तर तो जागेवर राहतो आणि बाजूचा मुरूम वाहून जातो. कडेला अर्ध्या फुटाची पायरी तयार होते. समोरून ट्रक आला म्हणून दुचाकीवाला खाली उतरतो, इथपर्यंत ठीक. परत वर येताना तो कडेला समांतर राहून हळूच चढायला बघतो, टायरची बाजू सिमेंटच्या कडेला घासते आणि गाडी लेनमध्ये आडवी. नियम असा: उतरलात तर वर यायची घाई नको. वेग १५-२० वर येऊ द्या, मागं बघा, कडेपासून थोडं लांब जाऊन तिरकं, शक्य तेवढं काटकोनात चढा.

स्पीडब्रेकरचं माप इंडियन रोड्स काँग्रेसनं दिलेलं आहे: ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, अंगानं गोलाकार, ताशी २५ च्या वेगानं पार करता येईल असा, अलीकडं ४० मीटरवर फलक. आपल्याकडं अपघात झाला की गावकरी दुसऱ्या दिवशी दीड फूट रुंद, अर्धा फूट उंच वरंबा घालतात. रंग नाही, फलक नाही. एका अपघातावर उपाय म्हणून पुढचे दहा.

तक्रार कुठं करायची, तर आधी कडेच्या किलोमीटरच्या दगडाचं डोकं बघा. पिवळं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, १०३३ वर फोन. हिरवं म्हणजे राज्य महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग. नारंगी म्हणजे पंतप्रधान ग्रामसडक. फोनवर "पुलाच्या अलीकडं" असं सांगू नका, दगडावरचा आकडा सांगा आणि फोटोतही तो दगड येऊ द्या. कुठली बाजू, कुठल्या गावाकडं जाताना, हेही सांगा. चौपदरी असेल तर त्यावाचून टीम पलीकडच्या बाजूला शोधत बसते.

गोदाकाठची

ट्रॉलीवर बरंच झालं, आता आपल्या दुचाकीवर बोलू या का? सगळे दुसऱ्याच्या दिव्यावर बोलायलेत.

हेल्मेट आहे पण पट्टा लावलेला नाही, हे सर्रास. पट्ट्याशिवाय हेल्मेट धडकेत माणसाआधी उडतं. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढाच ढिला हवा. मग मागून वर ढकलून बघा, निघालं नाही पाहिजे. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या. रस्त्याच्या कडेला टांगलेल्या टोप्यांमध्ये आत थर्माकोलऐवजी नुसता फोम असतो, धक्का खायला थर्माकोलच तर लागतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं, ते बदला. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच आहे. चार वर्षांखालच्या लेकराला चालवणाऱ्याच्या अंगाशी बांधून ठेवणारा पट्टा, त्याच्या मापाचं हेल्मेट आणि ४० च्या आत वेग, हा नियम २०२३ पासून आहे. आपल्याकडं लेकरू टाकीवर.

मागं बसलेल्या बायांची ओढणी आणि पदर. बसल्यावर एकदा खोचायचा, आणि साडीगार्ड "गाडी जुनाट दिसते" म्हणून काढायचा नाही. पावसात मागं बसून छत्री उघडणं तर बंदच करा. समोरून एसटी गेली की छत्री पालथी होते आणि माणूस मागं ओढला जातो.

आणि शाळेच्या पोरांच्या हातात गाडी देणाऱ्या बापांसाठी: कलम १९९अ. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड पालकाला किंवा मालकाला, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. २०१९ पासून आहे.

टायरअप्पा

ताईंनी हेल्मेट सांगितलं, मी टायर आणि ब्रेक सांगतो.

थांबायची मोठी ताकद पुढच्या ब्रेकात असते, कारण ब्रेक मारला की वजन पुढं येतं. इथं निम्मे लोक पुढचा ब्रेक लावतच नाहीत, "उलटी होते" म्हणून. हँडल सरळ असताना हळूहळू दाबला तर नाही होत. वळणात, मातीत, दाण्यावर दाबला तर होणारच. मागच्या ड्रमच्या बाहेर कॅमच्या लिव्हरपाशी बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला की लायनर संपले. नट आवळून पेडल वर आणू नका, लायनर बदला. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, लाल-काळं झालेलं ऑइल पाणी प्यालेलं असतं. वाहत्या पाण्यातून गाडी काढली तर पुढं दोन-तीनदा ब्रेक हलका दाबून ड्रम कोरडा करा. आणि पुलावर पाणी असेल तर मुळात जाऊच नका, खालचा कठडा आहे की गेला हे पाण्याखाली कळत नाही.

चारचाकीवाल्यांना: समृद्धी महामार्गावर टायर फुटले की लोक हवा जास्त झाली म्हणतात. बहुतेक वेळा हवा कमी असते. कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, वाकून तापते, तासभर सलग १२० वर गेली की आतले थर सुटतात. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो, पाच माणसं आणि सामान असेल तर त्यातलाच फुल लोडचा आकडा घ्या. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. खाचेतल्या उंचवट्याला नक्षी टेकली म्हणजे १.६ मिलिमीटर राहिली, टायर संपला. नक्षी चांगली असली तरी बाजूला बारीक चिरा दिसल्या तर समृद्धी त्या टायरचा रस्ता नाही.

बालाघाट

अप्पा, लाइटचंही सांगा की. दहा पैकी सात जण बाजारातला पांढरा एलईडी लावून समोरच्याला आंधळं करायलेत.

टायरअप्पा

जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडीचा बल्ब घातला की उजेड नीट कापला जात नाही, वर पसरतो. मालकाला वाटतं दूरवर दिसतं. खरं तर झाडाचे शेंडे दिसतात. हेडलाइट जुळवायची सोपी पद्धत: भिंतीपासून १० मीटरवर गाडी सपाट जागेवर उभी करा, डिपर लावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. हे मागं माणूस बसवून करा, कारण मागं वजन आलं की दिवा वर उचलतो. आणि काच पुसा. फुकट आहे.

गोदाकाठची

अपघात झाल्यावर काय करायचं तेही इथंच राहू दे. आधी आपली गाडी ५० मीटर मागं, पार्किंगचे दिवे लावून. नाहीतर मदतीला गेलेल्यांवर तिसरी गाडी येते. पडलेल्या गाडीची चावी बंद. १०८ ला फोन, जमलं नाही तर ११२. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. पाणी पाजू नका, उठवून बसवू नका, ॲपेत मुटकुळं करून कोंबू नका. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि दर मिनिटाला उचलून बघू नका.

पोलीस अडकवतात ही भीती काढा. कलम १३४अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत पैसे न भरता उपचार आहेत. "आधी डिपॉझिट" म्हणाले तर हे बोलून दाखवा.

काळी_जमीन

एक राहिलं. टायरगाडीवाल्या ऊसतोड मजुरांचं काय? बैलगाडीला बॅटरी कुठली?

स्पॅनर

गाडीच्या मागं वाढं लोंबतं म्हणून तिथंही पाटीच, पण दिव्याशिवाय. उजव्या टोकाला मोठी, डाव्याला छोटी. बैलांच्या शिंगांना समोरून पांढरं रेडियम गुंडाळा. मान हलली की ते चमकतं आणि समोरच्याला जनावर आहे हे लगेच कळतं. टायरच्या डिस्कला बाजूनं पिवळे तुकडे. सायकलचा सेलवाला लाल ब्लिंकर मागं टांगला तर उत्तम. दोन गाड्यांच्या मध्ये अंतर ठेवा, चिकटून चार गाड्या चालल्या की ओव्हरटेक करणारा मध्ये अडकतो.

काळी_जमीन

आणि डबल ट्रॉलीला रेडियम किती लागतं? रंग कुठला कुठं?

स्पॅनर

समोर पांढरा, बाजूला पिवळा, मागं लाल. पट्टी दोन इंची, मधमाशीच्या पोळ्यासारख्या नक्षीची. नुसत्या चकचकीत स्टिकरला रेडियम समजून फसू नका, बॅटरी डोळ्याजवळ धरून दहा पावलांवरून मारून बघा. १२ फुटी ट्रॉलीला दोन्ही बाजू मिळून सव्वासात मीटर, मागं दोन, कोपऱ्यांना आणि पाट्यांना दीड-दोन. म्हणजे ट्रॉलीला ११ मीटर, डबलला २२. पन्नास मीटरच्या रोलात दोन जोड्या होतात, पण रंगांचे रोल वेगळे, म्हणून चार-पाच जणांनी मिळून आणा.

बाजूचा पिवळा वगळू नका. फाट्यावर आडवा जाणारा ट्रॅक्टर पुढं निघून गेला असं समजून दुचाकीवाला मागून घुसतो, आणि दुसरी ट्रॉली अजून रस्त्यातच असते.

लावताना तारेच्या ब्रशनं गंज काढा, पेट्रोलच्या बोळ्यानं पुसा, पूर्ण वाळू द्या. रिव्हेटवरून पट्टी ओढू नका, तिथं कापून तुकड्यांत लावा. पत्रा फारच कुजलेला असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवून ती पट्टी रिव्हेट मारा. आणि दर खेपेला, काट्यावर नंबर लागेपर्यंत, ओल्या फडक्याचा एक हात.